समृद्धी कुणाच्या बापाची?

नकाशा काढा. नागपुरावर बोट ठेवा, दुसरं बोट मुंबईवर. एका टोकाला दीक्षाभूमी, दुसऱ्या टोकाला चैत्यभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बापानं आपल्याला नागपुरात माणूस केलं आणि दोन महिने पुरे व्हायच्या आत, ७ डिसेंबरला, दादरच्या समुद्राकाठी आपण त्याला अग्नी दिला. ह्या दोन बोटांच्या मधल्या वाटेवरनं आपली माणसं दरसाल जातात. जनरलच्या डब्यात, संडासाच्या दारात, मांडीवर पोर आणि पिशवीत भाकरी घेऊन. दिवसभर, रातभर.

आता ह्याच दोन बोटांच्या मधी सरकारनं एक रस्ता टाकलाय. ७०१ किलोमीटर. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत. १० जिल्हे, २६ तालुके, ३९२ गावं. पहिला नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हातून खुला झाला. शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. नाव समृद्धी.

दीक्षाभूमीकडून चैत्यभूमीकडे जाणारा देशातला सगळ्यात गुळगुळीत रस्ता. आणि त्या रस्त्यावर आपण कुठं आहोत?

दोस्तहो, ह्या प्रश्नाचं उत्तर कवितेत देता आलं असतं तर मी कविता लिहिली असती. पण हा हिशेबाचा मामला आहे. मी मॅट्रिक आहे, हिशेब येतो. ऐका.

रस्त्याचा पट्टा १२० मीटर रुंद. ७०१ किलोमीटर लांब. गुणाकार करा. ८,४१२ हेक्टर. एकरात वीस हजारांच्या वर. घाटात पट्टा अरुंद होतो ते वजा करा, इंटरचेंजला पसरतो ते मिळवा. ढोबळमानानं वीस हजार एकर जमीन महाराष्ट्राच्या पोटातनं सुरीनं कापल्यासारखी काढली. ह्या जमिनीला भाव मिळाला. सरकारी दराच्या पाचपटीपर्यंत. खोटं कशाला बोला, पैसे मिळाले. काही गावांत तर नोटा मोजायला माणसं कमी पडली. २०१७ साली सिन्नरच्या शिवड्याचे शेतकरी आडवे पडले होते, शहापुरात विरोध झाला होता. पुढं खरेदीखतं होत गेली, विरोध विरत गेला.

पण भाव कुणाला मिळाला? ज्याचं नाव सातबाऱ्यावर त्याला.

आणि सातबाऱ्यावर कुणाचं नाव नाही, हे ह्या देशात शाळेत न गेलेलं पोरही सांगेल.

माझे मामा वाशिम जिल्ह्यातले. गावाचं नाव सांगत नाही, त्यांना अजून तिथंच राहायचंय. एकाच मालकाच्या वावरात बावीस वर्षं सालगडी. गुढीपाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला मोडायचं, पुन्हा तिथंच ठरायचं. त्या वावरातला कोणता तुकडा पाणी धरतो, कोणत्या धुऱ्यावर साप निघतो, कपाशीला बोंडअळी आधी कोणत्या कोपऱ्यात लागते, हे मामाला पाठ. मालकाला वावराचा गट नंबर पाठ. रस्ता आला. वावर मधोमध गेलं. मालकानं खरेदीखतावर सही केली, जिल्ह्याच्या गावाला बंगला बांधला, गाडी घेतली. वाईट माणूस नाही तो. मामाला बोलावून त्यानं नवं धोतर दिलं.

मी मामाला विचारलं, तुम्हाला काय मिळालं?

मामा हसले. म्हणाले, ‘‘आपल्याले काय भेटते रे बापू? वावर त्याचं, पैसा त्याचा. आपलं त निरं अंग होतं तेथी. अंगाची काई किंमत लागत नसते.’’

ह्या वाक्यावर माझी झोप उडाली. कारण मामाचं म्हणणं कायद्यानं खोटं आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा उघडा. त्याच्या तिसऱ्या कलमात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे कोण ते लिहिलंय. नुसता मालक नव्हे. ज्याच्या नावावर गुंठाभर नाही, पण संपादनाच्या आधी तीन वर्षं जो त्या जमिनीवर मजुरी करून जगला, कूळ म्हणून राबला, कारागिरी करून पोट भरलं, तोही बाधित. त्याचंही पुनर्वसन. मामाची तीन नव्हे, बावीस वर्षं होती. मग मामा गेला कुठं?

मामाला गायब करायची युक्ती साधी आहे. रस्त्याची बरीचशी जमीन सक्तीनं संपादन केली नाही, थेट खरेदी केली. खरेदी म्हटलं की दोन पार्ट्या आल्या. विकणारा आणि घेणारा. खरेदीखतावर दोघांच्या सह्या, दोघांचे अंगठे. तिसऱ्याला तिथं जागाच नाही. बावीस वर्षं ज्याचा घाम त्या मातीत जिरला तो ह्या व्यवहारात साक्षीदारसुद्धा नाही. गावकुसाबाहेर ठेवलेला माणूस कागदाच्याही बाहेर. पूर्वी हे काम मनुस्मृती करायची, आता दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात होतं, आणि तिथं सगळे कसे गोड बोलतात.

गायरानाचं तर विचारूच नका. आपल्या माणसांनी गायरान का धरलं? हौस म्हणून? महारकी होती तेव्हा वतनाच्या तुकड्यावर गावाचं सगळं मढं आपण ओढलं. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं. जमिनी नजराणा भरून नव्या शर्तीवर मिळाल्या, म्हणजे विकायच्या तर कलेक्टरची परवानगी पाहिजे. परवानगीची ही अट आपल्या रक्षणाला होती. पण २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ मुंढव्याच्या महार वतनाच्या सुमारे ४० एकरांचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा कळलं की आपल्या जमिनीवर पहारा बसवला होता तो नेमका कुणासाठी. ज्यांच्याजवळ वतनही नव्हतं त्यांनी गायरान, पडीक नांगरलं. दगड वेचले, बांध घातले. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखांवर माणसं जेलात गेली, बाया तान्ही पोरं घेऊन गेल्या. त्या लढ्याच्या रेट्यानं पुढं सरकारला गायरानावरचे कब्जे मान्य करणं भाग पडलं. १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं कायम करायचं ठरलं. तारीख बघा. बापाच्या जन्मशताब्दीच्या वर्षाचा पहिला दिवस. कागदावर सरकारनं आपल्याला भेट दिली.

आणि तलाठ्याच्या दप्तरात किती जणांची नावं चढली? जाऊन बघा. तीस-चाळीस वर्षं पिकं काढणारा माणूस आजही ‘अतिक्रमणदार’. म्हणजे चोर. २०११ साली सुप्रीम कोर्टानं पंजाबातल्या एका खटल्यात गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करा म्हणून सांगितलं. त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पट्ट्यांना अपवाद ठेवलाय, पण तेवढीच ओळ वाचताना साहेबांचा चष्मा हरवतो. मग रेघ ओढणाऱ्याला गायरान म्हणजे लोणी. मालक सरकार, घेणार सरकार. ह्या खिशातलं त्या खिशात. कसणारा उठवला की झालं. त्याला पाचपट नाही, एकपट नाही, धोतरही नाही.

आता रस्त्यावर चढू. चढता येतं का बघू. ७०१ किलोमीटरला इंटरचेंज २४. भागाकार करा. सरासरी २९ किलोमीटरला एक दार. मधल्या गावांना दार नाही, दोन्हीकडनं कुंपण आहे. वन्य जनावरांना ओलांडायला खास पूल बांधले, भुयारी वाटा काढल्या. चांगलं केलं, जनावर जगलं पाहिजे. पण बुद्धवाड्यातल्या बाईला पलीकडच्या शेतात निंदायला जायला किती मैलांचा वळसा पडेल, हे मोजायला कोण आलं होतं? मोटरसायकलीला बंदी. रिक्षाला बंदी. बैलगाडीची तर बातच नको. मोटारीला २०२२ साली किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे टोल होता, एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे. पुन्हा गुणाकार. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत साडेचौदाशेच्या घरात. पाच दिवसांचं निंदण. एका बाजूनं.

मला बाबासाहेबांच्या दोन गोष्टी आठवतात. आपण त्या भाषणात सांगतो आणि विसरतो.

१९०१ साल. भीमराव दहा वर्षांचा. भावाबरोबर मसूर स्टेशनावर उतरला, बापाकडं गोरेगावला जायचं. महाराची पोरं म्हटल्यावर गाडीवाला कुणी तयार होईना. शेवटी एकजण तयार झाला, पण अट काय? भाडं दुप्पट आणि गाडी पोरांनीच हाकायची. गाडीवाला बाजूनं चालणार. वाटेत घसा कोरडा पडला. टोलनाका लागला. तिथं मुसलमान म्हणून सांगितलं, तरी पाणी मिळालं नाही.

दुसरी १९२९ ची. चाळीसगाव. बॅरिस्टर झालेले, सरकारच्या कमिटीवर असलेले डॉ. आंबेडकर स्टेशनावर उतरले. एक टांगेवाला त्यांना बसवून न्यायला तयार होईना. महारवाड्यातल्या लोकांनी टांगा भाड्यानं आणला, पण हाकायला आपलाच माणूस. त्याला सवय नाही. पुलावर चाक दगडात अडकलं, टांगा उलटला, बाबासाहेब फरशीवर आपटले. पाय मोडला.

दुप्पट पैसे, हाकायचं आपणच, नाक्यावर पाणी नाही, आणि पडलो तर हाड आपलं मोडणार. सव्वाशे वर्षं झाली. आता सांगा, समृद्धीचा करार ह्याहून कुठं वेगळा आहे?

हाडं मोडायचंच घ्या. १ जुलै २०२३ ची रात्र, सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटली. २५ माणसं कोळसा झाली. महिना झाला नाही तोच, ३१ जुलैच्या मध्यरात्रीनंतर, शहापूर तालुक्यात सरळांब्याला पुलाचं काम चालू असताना गर्डर बसवायचं यंत्र कोसळलं. २० जण खाली गेले. बहुतेक दुसऱ्या राज्यांतनं पोटासाठी आलेले. कसाऱ्याच्या पलीकडं जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा कोरला, त्याचे फोटो सगळ्यांनी काढले. खाली गेलेल्यांची नावं त्या रस्त्यावर कुठं कोरलीत? रस्त्याला नाव आहे, पण ते दुसरंच.

नावाचंही बोललंच पाहिजे. डिसेंबर २०१९. मंत्रिमंडळाची एक बैठक. रस्ता अजून मातीत होता, एक मोटार धावली नव्हती, आणि नाव देऊन मोकळे. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग. एक बैठक, एक ठराव, चहा, बिस्किटं. कुणाच्या घराला काडी लागली नाही.

हाच रस्ता जालन्यातनं, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातनं जातो. मराठवाडाच तो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. मग काय झालं? वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेला मारलं. पोरं पोलिसांच्या काठ्या खात मोठी झाली. नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं. आणि आलं ते नामांतर नव्हे, नामविस्तार. त्या काळात नामांतराच्या विरोधात कोणती सेना उभी होती आणि तिचा सेनापती कोण होता, हे तुमच्या बापाला विचारा, त्याच्या पाठीवर वळ असतील. आज त्या सेनापतीच्या नावाच्या रस्त्यानं दीक्षाभूमी चैत्यभूमीला जोडलीय, आणि आपले पुढारी उद्‌घाटनाला पहिल्या रांगेत फेटे बांधून बसले. च्यायला, फेट्याखाली डोकं असतं हे विसरलेत.

आता कुणी म्हणेल, तुम्ही विकासाचे वैरी. रस्ता नको म्हणता.

कोण म्हणतो नको? रस्ता आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त हवा. गावात तुमची माडी होती, आमचा उकिरडा होता. गाव सोडा म्हणून बाबासाहेबांनी सांगितलं, आणि गाव सोडायला रस्ताच लागतो. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात असताना नद्यांवरच्या धरणांचे, विजेचे आराखडे त्यांनी हलवले. ते यंत्राला भ्याले नाहीत, आपणही भिणार नाही. रस्ता हा आमचा शत्रू नाही. गावाच्या वाटेवर चालायला आम्हाला बंदी होती, म्हणून रस्ता म्हणजे काय हे आम्हाला कळतं. वायकोमला १९२४ साली देवळाभोवतीच्या नुसत्या रस्त्यानं चालायला मिळावं म्हणून सत्याग्रह करावा लागला. महाडला १९२७ साली पाण्यासाठी. पाणी काय, रस्ता काय, सार्वजनिक म्हणून पाटी लावली तरी आमच्यासाठी ते सार्वजनिक होत नाही, ते करून घ्यावं लागतं. एवढंच म्हणणं आहे.

मी गोदीत कंत्राटावर आहे. कंटेनर येतात, सुटतात, चढतात. विदर्भाचा कापूस येतो. तो कुणी वेचला ते गाठीवर लिहिलेलं नसतं. इंग्रजानं १८५३ ला बोरीबंदरहून गाडी सोडली आणि १८६७ ला रूळ नागपूरला नेले ते वऱ्हाडच्या लोकांना मुंबई बघायला मिळावी म्हणून नव्हे. कापूस बंदराला लागावा म्हणून. पण त्याच गाडीनं आपले आजे गिरणीत आले, गोदीत आले, बीडीडी चाळीत आले, आणि चळवळ उभी राहिली. इंग्रजाच्या मनात नव्हतं ते आपण त्या रुळावरनं करून घेतलं. त्या गाडीला दर दहा मैलांवर स्टेशन होतं आणि थर्ड क्लासचा डबा होता. समृद्धीला स्टेशन नाही. थर्ड क्लास नाही. माल येईल, माणूस येणार नाही. मामाच्या घामाची गाठ आठ तासांत भिवंडीच्या वखारीत उतरेल आणि मामा धुऱ्यावर उभा राहून बघेल.

आता आपल्यातल्या पोरांशी दोन शब्द. समृद्धीवर उभं राहून रीळ काढता, छाती फुगवून. मित्राची गाडी, मित्राचा टोल. काढा, वय आहे. पण एकदा कॅमेरा कुंपणापलीकडं वळवा. आणि आपल्यातले जे कंत्राटदाराच्या हाताखालचे मुकादम झालेत, डंपर लावलेत, त्यांनी आम्हाला चळवळ शिकवू नये. कवींनीही नुसतं विद्रोह विद्रोह करू नये. मी माझ्यासकट सांगतो. तलाठ्याच्या कचेरीत कविता वाचली तर पंखा जोरात करतात, बाकी काही होत नाही.

कारण पुढची रेघ ओढणं चालू आहे. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग. आराखड्यात ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. देवळाला देऊळ जोडत नेलेली रेघ. जून २०२५ ला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. कोल्हापूर, सांगलीकडचा शेतकरी त्याविरुद्ध उठला. उसाची जमीन, पाण्याची जमीन, उठणारच. २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर कोल्हापुरातली संपादनाची अधिसूचना मागे घ्यावी लागली. शाबास त्यांची. ह्यातनं आपण एकच धडा घ्यायचा. रेघ देवानं ओढलेली नसते. ती वळते. ऊस बोलला की वळते. गायरान बोललं तर?

गायरान अजून बोललेलं नाही. मोर्चात झेंडे बागायतदाराचे, आणि आपला माणूस त्याच मोर्चात मालकाच्या ट्रॉलीत बसून मालकाची जमीन वाचवायला जातो. त्याच्या स्वतःच्या मागणीचा फलक कुठंय? रस्ता रद्द झाला तर मालकाचं वावर वाचेल, मामा सालगडीच राहील. रस्ता झाला तर मालकाला पैसे, मामाला धोतर. दोन्हीकडनं आपण बाहेर. म्हणून आपलं भांडण तिसरं आहे, आणि ते आपल्यालाच भांडावं लागेल.

काय करायचं ते सांगतो. यवतमाळ, नांदेड, हिंगोली, परभणी, बीड, लातूर, धाराशिव, सोलापूर, जिथं जिथं ही रेघ जाईल तिथं सुट्टीत घरी जाणाऱ्या प्रत्येकानं दोन दिवस काढायचे. तलाठ्याकडं जायचं. गाव नमुना १-ई मागायचा, अतिक्रमणाची नोंदवही ती. गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाचं नाव त्यात आहे का बघायचं. दंडाच्या पावत्या असतील त्या म्हातारीच्या पेटीतनं काढून फोटो काढून ठेवायचे. दंड भरला म्हणजे कब्जा होता, हा पुरावा सरकारनं स्वतःच्या शिक्क्यानं दिलाय. सालगडी, कूळवाला, रोजंदारीची बाई, प्रत्येकाची यादी करायची, किती वर्षं कुणाच्या वावरात ते लिहायचं, आणि ती ग्रामसभेत ठरावाला टाकायची. मोजणीची माणसं यायच्या आत. ती आल्यावर नुसती दगडफेक उरते, आणि दगड आपल्याला महाग पडतो.

मागणी एका ओळीची. तिसऱ्या कलमातला तिसरा माणूस कागदावर आणा. त्याशिवाय एक खुंटी ठोकू देणार नाही.

आणि हो, वारीच्या गाड्यांना टोल माफ होतो, गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना माफ होतो. व्हावा, आमचं पोट दुखत नाही. तीच माफी समृद्धीवर दरसाल ६ डिसेंबरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, हक्कानं पाहिजे. पण ह्या माफीवर खूश होऊन घरी जाल तर पुन्हा फसाल. टोल सुटला म्हणून जमीन मिळत नाही.

परवा मामाचा फोन आला. विचारत होते, ‘‘काऊन बापू, त्या कायद्यात आपलं नाव खरंच हाय का?’’

म्हटलं, मामा, नाव आहे. आतापर्यंत कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

पुढच्या रेघेवरच्या गावांना तेवढं वाचून दाखवा.

जयभीम.